ओट्याचं माप

'बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी' ही म्हण ज्यानं केली त्यानं मेडशीच्या लिलाबाईला पाहिलेलं नसणार. पाहिलं असतं तर बिचाऱ्या भट-भटणीला मध्ये ओढायची गरजच पडली नसती. घराचा व्यवहार दीड वर्षापासून कोर्टात अडकलेला, किल्ली दुसऱ्याच्या हातात, आणि या बाईनं स्वयंपाकखोलीतल्या डब्यांच्या जागा ठरवून ठेवलेल्या. तिखटाचा डबा खिडकीपासून लांब, मिठाची बरणी डाव्या हाताला, माठ कोपऱ्यात. रोज सकाळी शेळीला चारा टाकून झाला की ती त्या घरासमोरून एक चक्कर मारून यायची आणि बंद दाराकडे बघून डब्यांच्या जागा बदलायची.

घर होतं सेवादास गुरुजींचं. गुरुजी म्हणजे तांड्यातून शिकून निघालेले पहिले मास्तर. तांडा आणि भीमनगर यांच्या मधल्या वळणावर त्यांनी जागा घेतली आणि बांधकाम दिलं उकंडराव मिस्त्रीला. उकंडराव लिलाबाईचा नवरा. त्याच्या थापीला आजूबाजूच्या दहा गावांत नाव होतं. आणि त्याच्या हाताखाली डोक्यावर विटा, रेती, पाणी वाहायला लिलाबाई. या गोष्टीला आता सदतीस वर्षं झाली.

गुरुजींनी अकोल्याला ट्रेनिंगच्या वेळी कुणाकडे तरी उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा पाहिला होता. आपल्याही घरात तोच पाहिजे म्हणाले. मेडशीत तोवर एकाही बाईनं उभ्यानं भाकर थापली नव्हती. ओटा किती उंच ठेवायचा हे गुरुजींना माहीत नव्हतं आणि मिस्त्रीलाही. जिनं त्यावर स्वयंपाक करायचा ती गुरुजींची बायको भुरीबाई बाळंतपणाला माहेरी गेलेली. उकंडराव म्हणाला, त्यात काय, बाईमाणसाचं माप बाईमाणसापाशी. त्यानं लिलाबाईच्या डोक्यावरचं घमेलं उतरवलं आणि तिला अर्धवट बांधलेल्या भिंतीशी उभं केलं.

"भाकर थापून राह्यली, असं कर."

"लोकं पाह्यून राह्यले ना."

"पाहू दे. वाकू नको. हात सैल सोड. हां."

त्यानं तिच्या टाचेपासून मनगटापर्यंत सुतळी धरली आणि गाठ मारली. लिलाबाई लाजेनं अर्धी झाली, कारण लग्नाला चार वर्षं होऊनही नवऱ्यानं तिच्याकडे इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं. झाडाखाली खाटेवर वह्या तपासत बसलेल्या गुरुजींनी एकदा मान वर केली आणि लगेच पुन्हा वहीत घातली. त्या गाठीच्या उंचीवर ओटा झाला, वर काळी फरशी बसली.

त्या दिवशी घरी येताना उकंडराव म्हणाला होता, "असाच ओटा तुले बांधून देईन एक दिवस. माप तं हायच."

माणूस खोटा नव्हता. पण ज्याच्या हाताला काम, त्याच्या घराला वेळ नाही. त्यानं पुढे चाळीसेक घरं बांधली आणि स्वतः दोन खोल्यांच्या मातीच्या घरात राहिला. सहा वर्षांपूर्वी छातीत कळ येऊन गेला तेव्हा त्याची थापी दुसऱ्याच कुणाच्या तरी भिंतीशी पडलेली होती. लिलाबाईनं ती धुऊन फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवली. लोकांना वाटायचं म्हातारीला पक्क्या घराची हौस आली आहे. खरं सांगायचं तर तिला घर नको होतं. तिला उकंडरावचा तो शब्द पाहिजे होता, आणि तो शब्द गुरुजींच्या स्वयंपाकखोलीत पडून होता.

तिचे गुडघेही आता गेले होते. जमिनीवर बसून स्वयंपाक करायचा आणि मग उठताना भिंत, पेटी, शेळीचा खुंटा जे हाताशी येईल ते धरायचं. तिचा एकुलता एक मुलगा सतीश विजेच्या खांबांवर चढणारा लाइनमन. तो म्हणाला, "माय, इथंच बांधून देतो ना ओटा." ती म्हणाली, "बांधीन कोन?" गावात मिस्त्री काय कमी होते! पण तिचा प्रश्न तो नव्हता, हे त्यालाही कळलं.

म्हणून गुरुजी वारल्यावर घर विकायला निघालं तेव्हा सगळ्यात आधी सतीशच गेला. भुरीबाई गुरुजींच्या आधीच वारली होती. गुरुजींनी मृत्युपत्र करून घर एकुलत्या एका मुलीच्या, नीताच्या नावावर केलं होतं. नीता रिसोडला नर्स. तिनं आनंदानं इसार घेतला, मुदत चांगली लांबची, पावणेदोन वर्षांनंतरच्या जूनअखेरची लिहून दिली आणि सगळं दोन महिन्यांत उरकेल असं सगळ्यांनाच वाटलं.

घोडं अडलं बँकेत. सतीशला कर्ज मिळणार होतं, पण बँकेचा वकील म्हणाला की हे मृत्युपत्र खरं आहे असा कोर्टाचा कागद आणा, प्रोबेट म्हणतात त्याला. नीतानं वाशीमच्या कोर्टात अर्ज टाकला. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, पण कोर्टाचे सहा महिने नुसते घसा साफ करण्यात जातात. एका तारखेला न्यायाधीशांची बदली झाली. एकीला वकिलांचा संप. मृत्युपत्रावर सही करणारा साक्षीदार अकोल्यात खाटेला खिळलेला, तो बरा होईपर्यंत दोन तारखा. सतीश दर वेळी परत यायचा आणि लिलाबाई विचारायची, "झालं?" तो म्हणायचा, "तारीख देल्ली." पुढे पुढे तिनं विचारणं सोडलं. त्याच्या चपला काढण्यावरून तिला कळायचं.

मार्चअखेर एकदाचं काम हललं. कुणाची हरकत असेल तर महिन्याभरात सांगावी, अशी नोटीस कोर्टानं काढली. ती घराच्या भिंतीवर तीस दिवस लावायची होती. कोर्टाचा माणूस, म्हणजे बेलीफ, येऊन ती दाराशेजारी चिकटवून गेला तेव्हा लिलाबाई दुसऱ्याच्या शेतात तुरीच्या काड्या वेचायला गेली होती. सतीशनं संध्याकाळी सांगितलं, "नोटीस लागली. आता अठ्ठावीस एप्रिलची तारीख, मंग झालंच समज." तिला वाचता येत नव्हतं, पण एवढ्या मोठ्या कोर्टाचा कागद म्हणजे लाल शिक्क्याचा, जाडजूड, कुणाचीही नजर ठरेल असा असणार हे तिला न सांगता ठाऊक होतं.

आणि मग आली चौदा एप्रिल.

भीमनगरात बाबासाहेबांच्या जयंतीच्या आधी भिंत रंगवली नाही असं घर सापडायचं नाही. ज्याच्याकडे पैसा तो रंगाचे डबे आणतो, ज्याच्याकडे नाही तो चुना भिजवतो, पण मिरवणूक दारावरून जाताना दार काळं दिसता कामा नये. बारा तारखेला लिलाबाईनं आपल्या मातीच्या घराला चुना मारला. मागे सरून पाहिलं, सगळी गल्ली दुधासारखी पांढरी. फक्त वळणावरचं गुरुजींचं घर मळकट. मिरवणूक तर पहिली त्याच्याच समोरून यायची होती. त्या भिंतीवर निवडणुकीचे फाटके कागद, शिकवणीच्या जाहिराती, खताच्या दुकानाचा पत्ता, नाही नाही ते चिकटलेलं.

तिला ते बघवलं नाही. आपल्या माणसानं उभी केलेली भिंत, उद्या आपली होणारी भिंत, आणि जयंतीच्या दिवशी ती अशी उभी राहणार? तिनं पेटीतली थापी काढली, एकेक कागद खरवडून काढला आणि उरलेल्या चुन्यात चिमूटभर नीळ घालून दोन हात मारले. गुडघे विसरून तिनं ते केलं. चौदा तारखेला निळ्या झेंड्यांची मिरवणूक त्या भिंतीपुढून गेली तेव्हा लिलाबाई पायरीशी अशी उभी होती की कुणालाही वाटावं, घरमालकीणच.

अठ्ठावीसला सतीश तिला मुद्दाम सोबत घेऊन वाशीमला गेला. शेवटची तारीख म्हणून तिनं ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलं. कोर्टात मागच्या बाकावर दोघं बसले. पुढे नीता, तिचा वकील, आणि दुसऱ्या बाजूला गुरुजींचा पुतण्या बबलू. त्याचं म्हणणं होतं की काकांना लहानपणी त्याच्या बापानं ऊसतोडीच्या पैशांवर शिकवलं, तेव्हा घरात त्याचाही वाटा आहे. ते खरं की खोटं, देव जाणे. पण त्या दिवशी त्यानं वेगळंच काढलं. मोबाइल पुढे केला आणि म्हणाला, "साहेब, भिंतीवर नोटीस नव्हतीच. हा फोटो पाहा, मी स्वतः काढला."

न्यायाधीश बाईंनी फोटो पाहिला आणि बेलिफाला बोलावलं. "नोटीस लावल्याचा अहवाल तुम्ही दिलाय ना? मग ही भिंत कोरी कशी?"

चाळिशीचा, पाठीला पिशवी लावलेला तो माणूस पांढरा पडला. "मॅडम, मी लावली होती. लेकराची शपथ."

"शपथ नको, लेखी खुलासा द्या. न जाता अहवाल लिहिला असेल तर नोकरीवर येईल, हे लक्षात ठेवा."

नीताच्या वकिलानं मोबाइल मागे वळवला तेव्हा लिलाबाईला फोटो दिसला. निळसर झाक असलेली पांढरी भिंत. तिला तो कागदही आठवला. दाराशेजारचा, झेरॉक्सचा पातळ, एका कोपऱ्यानं फडफडणारा. खताच्या जाहिरातीपेक्षाही गरीब. सतीशलाही त्याच क्षणी समजलं. त्यानं तिचं मनगट धरलं आणि ओठ न हलवता म्हणाला, "माय, बोलू नको. आपुनच कागद काढला म्हनतीन. समदं बुडीन."

तिला ते पटलं. गप्प बसलं तर दोष बेलिफावर, आपण नामानिराळे. बोललं तर बबलूच्या हाती कोलीत. मग तिनं बेलिफाच्या पाठीवरच्या पिशवीकडे पाहिलं. तिच्या बाजूच्या खिशात भाकरीचा डबा होता, झाकणाला रबर लावलेला. ती बाक धरून उठली.

"साहेब, त्या मानसाची चूक नाही. कागद म्या खरडला."

न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही कोण?"

"घर घेनारी."

"घर नावावर झालं का तुमच्या?"

"नाही."

"मग नोटीस का काढली?"

"जयंती होती साहेब. चुना मारला."

कुणीतरी फिसकन हसलं. बाई हसल्या नाहीत. "दुसऱ्याच्या घराला कुणाच्या सांगण्यावरून चुना मारला?"

लिलाबाईला याचं उत्तर द्यायला फार बोलावं लागलं असतं. ती एवढंच म्हणाली, "आमच्या मालकानं बांधलं हाय. आन् कोर्टाचा कागद येवढा भिकार असंल असं वाटलं नाही, साहेब."

या वेळी सगळेच हसले, बेलीफसुद्धा. बाईंनी काहीतरी लिहिलं. घेणाऱ्यांनी मालमत्तेला हात लावू नये. नोटीस पुन्हा तीस दिवस लावावी. पुढची तारीख, मधल्या उन्हाळी सुट्टीमुळे, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. बेलिफाचा विषय बंद. जाताना तो माणूस लिलाबाईजवळ आला आणि हात जोडून गेला.

इसाराची मुदत जूनअखेर होती. जुलै म्हणजे मुदतीच्या पलीकडे.

एस.टी.त सतीश खिडकीबाहेर बघत बसला. वाटेतलं मालेगाव गेल्यावर एकदाच बोलला, "बापाचं घर तुह्या हातानं गेलं." थापी त्याच हातांनी चालवली होती, नाकारणार काय?

पुढच्या रविवारी नीता मेडशीला आली आणि गुरुजींच्या दाराशी उभी राहून तिनं लिलाबाईला बोलावणं पाठवलं. सदतीस वर्षांची, आईसारखीच उंच बाई. चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता.

"लिलाकाकू, रिसोडचा एक व्यापारी मांगं लागला हाय. त्याले बँक नाही लागत, कोर्टाचा कागद नाही लागत. म्हनते, बबलूले मी पाह्यून घेतो. हे पाडून सोयाबीनचं गोदाम बांधनार हाय. तुमचा इसार वापस करतो मी. किती दिवस थांबू, सांगा?"

"तुह्यं बरोबर हाय, पोरी. मीच माती खाल्ली." लिलाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "फक्त येक कर. पाडायच्या आंधी मले येक डाव सैपाकखोलीत उभं राहू दे."

नीतानं कुलूप काढलं. आत धूळ, बंद घराचा वास. लिलाबाई कुणाला न विचारता सरळ आत गेली. काळी फरशी तशीच होती, एका कोपऱ्याचा टवका तेवढा उडालेला. ती ओट्याशी उभी राहिली आणि हात सैल सोडले, सांगितलं होतं तसे. ओटा मनगटाला लागला नाही. बोटभर वर निघाला.

"मापाच्या येक बोट खाली आलो मी," ती म्हणाली. "लयच उशीर झाला, बापा."

हे ती नीताशी बोलली नव्हती. पण नीतानं ऐकलं आणि विचारलं, "काहून? कायचं माप?"

मग लिलाबाईनं सांगितलं. सुतळी, गाठ, खाली उतरवलेलं घमेलं, सगळं सांगितलं. सांगता सांगता तिला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही. नीता ऐकत ओट्याजवळ सरकली. तिनं फरशीवर हात टेकला तेव्हा तिला चांगलंच वाकावं लागलं.

"माही याडी जलमभर अशी वाकून सैपाक करे," ती म्हणाली. आईला ती याडी म्हणायची, तांड्यात म्हणतात तसं. "रोज बाबाशी भांडे. हा ठेंगना ओटा फोडा अन् उंच करा म्हने. बाबा समदं ऐकत तिचं, हे येकच नाही ऐकलं. म्हनत, 'ज्या बाईचं हे माप हाय तिले ओटा नाही भेटला, तिचं माप तरी मोडायचं नाही.' मले वाटे, मास्तर मानूस, पुस्तकातलं काही बोलून राह्यले."

लिलाबाईला गुरुजींची ती वहीत घातलेली मान आठवली. तिला वाटलं होतं, त्यांनी पाहिलं नाही.

"तुह्या मायची कंबर माह्यापायी गेली व," ती म्हणाली.

नीतानं नाही म्हटलं नाही. खरं होतं ते. दोघी त्या धुळीत ओट्याशी उभ्या होत्या, एक वाकलेली आणि एक सरळ. मग नीतानं बाहेर येऊन दाराला कुलूप लावलं आणि किल्ली लिलाबाईच्या हातावर ठेवली.

"व्यापाऱ्याले नाही सांगतो मी. मुदत वाढवून देतो. पन काकू, कोर्टाचं माह्या हातात नाही. बबलू बी सोडनार नाही. पोळा होईन, दिवाळी होईन, काय सांगावं. कोर्टानं हात लावू नका म्हटलं हाय, तं राहाले येऊ नका. घरावर नजर मात्र ठेवा. अन् त्या कागदावर."

मेच्या पहिल्या आठवड्यात बेलीफ पुन्हा आला. या खेपेला त्यानं खळीनं चिकटवलेल्या नोटिशीवर प्लास्टिक लावलं, चारी बाजूंनी पट्ट्या मारल्या आणि लिलाबाईच्या हातचा चहा पिऊन गेला. तेव्हापासून तिची नवी नोकरी सुरू झाली. सकाळ-संध्याकाळ ती पायरीवर बसायची, मांडीवर काठी. खळीच्या वासानं शेळ्या यायच्या, त्यात तिची स्वतःचीही असायची, तिलाही काठी मिळायची. पोरं चेंडू खेळायला लागली की ती त्यांना पार तांड्याच्या रस्त्यापर्यंत पिटाळायची. जो कागद तिनं खरवडून काढला होता त्याची ती आता तान्ह्या लेकरासारखी राखण करत होती, आणि गाव तिला हसत होतं. ती म्हणायची, हसा.

किल्ली मात्र तिच्या कमरेला होती, चंचीत. एका संध्याकाळी सतीश ड्यूटीवरून येताना तिच्याजवळ थांबला. राग ओसरला होता त्याचा. शेजारी पायरीवर बसला.

"माय, किल्ली हाय ना तुह्यापाशी? कोन पाह्यते? घडीभर आत जाऊन उभी राह्यत जा ना ओट्यापाशी. बाहीर काहून बसून राह्यते?"

लिलाबाईनं चंचीवर हात ठेवला. घराकडे न बघता ती म्हणाली,

"नाही रे बापा. आता आत गेलो, तं भाकर थापल्याबिगर बाहीर निघनं होनार नाही."